विश्लेषण : खलनायक चुकला, की लेखक? ‘ड्रॅगन एज’मधील सोलसवरून दहा वर्षे वाद का?

एका काल्पनिक जगातील देवाने आपला जादूई गोळा चुकीच्या हाती का जाऊ दिला, या प्रश्नावर जगभरातील गेमर गेली दहा वर्षे वाद घालत आहेत. ‘ड्रॅगन एज’ या फँटसी रोल-प्लेइंग गेम मालिकेतील सोलस हा खलनायक या वादाच्या केंद्रस्थानी आहे. त्याचे वागणे हा कथेतला कच्चा दुवा, की व्यक्तिरेखेचा दोष? आणि खेळ संपल्यावरही खेळाडूंना हा प्रश्न का सतावतो? (या लेखात मालिकेतील महत्त्वाची रहस्ये उलगडली आहेत. खेळ अजून पूर्ण केला नसेल, तर तो संपवून मगच वाचावा.)

वाद नेमका काय?

कॅनडातील ‘बायोवेअर’ या स्टुडिओची ‘ड्रॅगन एज’ मालिका 2009 मध्ये ‘ओरिजिन्स’ या खेळाने सुरू झाली. 2011 मध्ये दुसरा भाग, 2014 मध्ये ‘इन्क्विझिशन’ आणि ऑक्टोबर 2024 मध्ये ‘द व्हेलगार्ड’ असे चार मुख्य खेळ आतापर्यंत आले. ‘इन्क्विझिशन’ला ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट खेळाचा मान मिळाला. या खेळात कोरिफियस हा खलनायक एका प्राचीन गोळ्याच्या मदतीने आकाशालाच भगदाड पाडतो. हा गोळा त्याच्यापर्यंत पोहोचू दिला होता सोलसने, म्हणजे सबंध खेळभर नायकाच्या बाजूने लढणाऱ्या शांत, विद्वान जादूगाराने. हे गुपित खेळाच्या अगदी शेवटी फुटते. त्या क्षणापासून खेळाडूंचे दोन तट पडले. हजारो वर्षे जगलेला, सर्वांहून शहाणा म्हणवणारा माणूस इतका मोठा मूर्खपणा करेलच कसा, असे एक तट म्हणतो. तो नेहमी असाच चुकतो आणि हीच तर त्याची शोकांतिका, असे दुसऱ्याचे म्हणणे.

सोलस कोण आणि त्याला काय हवे?

ही कथा घडते थेडस या काल्पनिक खंडात. तिथले एल्फ एके काळी अमर होते आणि जादू त्यांच्या श्वासाइतकी सहज होती. आज तेच एल्फ माणसांच्या शहरांतील कोंदट वस्त्यांत किंवा रानावनात भटकत जगतात. या घसरणीचे मूळ सोलसच्या एका कृतीत आहे. एव्हान्युरिस म्हणवणाऱ्या एल्फ सत्ताधीशांनी स्वतःला देव ठरवून आपल्याच लोकांना गुलाम केले. त्यांच्यातील मिथाल या न्यायी स्त्रीची त्यांनी हत्या केली, तेव्हा सोलसने बंडाची शेवटची चाल खेळली. स्वप्नांचे जग आणि जागेपणीचे जग यांच्यामध्ये त्याने एक पडदा उभारला आणि बाकीच्या देवांना त्यापलीकडे कोंडले. गुलामगिरी संपली. पण त्या पडद्यामुळे जादू आटली आणि एल्फांचे अमरत्वही गेले. सोलस दीर्घ निद्रेत गेला. जाग आली तेव्हा त्याचे जग उरले नव्हते. ते परत आणण्यासाठी त्याला पडदा पाडायचा आहे. मात्र पडदा पडला, तर आजच्या जगातील असंख्य माणसे मरणार. ज्यांना वाचवण्यासाठी त्याने सारे केले, ते काळाच्या पोटात गेले. जे हयात आहेत, त्यांच्या जिवावर तो भूतकाळ विकत घेऊ पाहतो आहे.

‘प्लॉट होल’ कशाला म्हणायचे?

वाद भरकटतो तो बहुधा याच मुद्द्यावर. कथेत न पटणारे काही दिसले की त्याला ‘प्लॉट होल’ म्हणण्याची सवय लागली आहे. प्रत्यक्षात त्यात चार वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली, खरी विसंगती : कथेने स्वतःच सांगितलेला नियम कथाच मोडते. दुसरी, राहून गेलेले स्पष्टीकरण : घटना अशक्य नसते, पण ती कशी घडली हे सांगितलेले नसते. तिसरी, पात्राची चूक : पात्र चुकीचा निर्णय घेते, पण तो त्याच्या स्वभावातून आलेला असतो. चौथी, खेळाडूच्या नजरेतून सुटलेला भाग : माहिती खेळात असते, पण एखाद्या जोडकथेत किंवा न वाचलेल्या नोंदीत. चित्रपटात हा चौथा प्रकार जवळपास नसतोच, कारण सगळे प्रेक्षक तीच रिळे त्याच क्रमाने पाहतात. शंभर तासांच्या खेळात मात्र दोन खेळाडूंनी अनुभवलेली कथा तंतोतंत सारखी असणे विरळाच.

गोळा कोरिफियसच्या हाती का जाऊ दिला?

याचे सविस्तर उत्तर ‘इन्क्विझिशन’च्या मुख्य कथेत नाही, ते 2015 मध्ये आलेल्या ‘ट्रेसपासर’ या जोडकथेत आहे. निद्रेतून उठलेल्या सोलसमध्ये स्वतःचाच गोळा उघडण्याची ताकद उरली नव्हती. म्हणून त्याने आपल्या हस्तकांमार्फत तो कोरिफियसला सापडेल अशी व्यवस्था केली. कोरिफियस गोळा उघडेल, त्या स्फोटात मरेल आणि मोकळी झालेली शक्ती आपण वापरू, असा त्याचा हिशेब होता. पण कोरिफियसने मरण टाळण्याची युक्ती साधली होती. शरीर नष्ट झाले, की तो विषबाधा झालेल्या दुसऱ्या जीवाच्या शरीरात शिरतो. वर देऊन भस्मासुर उभा करण्याची गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. फरक इतकाच, की इथे मागाहून मोहिनी धावून येत नाही. सोलसला स्वतःच वेषांतर करून, आपणच लावलेली आग विझवणाऱ्यांच्या फौजेत भरती व्हावे लागते.

आक्षेप घेणाऱ्यांचा मुद्दा दुबळा नाही. कोरिफियस मरत नाही हे 2011च्या ‘लेगसी’ या जोडकथेतच दिसले होते. ग्रे वॉर्डन या लढवय्यांच्या संघटनेने त्याला शतकानुशतके कोंडून ठेवले, ते उगाच नव्हे. ज्याचे हेर सर्वत्र आहेत, त्या सोलसला हे कळू नये? यावर उत्तर असे, की वॉर्डन आपली गुपिते कोणाला सांगत नाहीत आणि सोलसला जागे होऊन जेमतेम वर्ष झाले होते. त्याहून नेमका दाखला त्याच्याच कबुलीत सापडतो. जागा झाल्यावर समोरची माणसे त्याला सुरुवातीला खरी माणसे वाटतच नव्हती. जी खरी वाटत नाहीत, त्यांच्या क्षमतेचा अंदाज कोण घेणार? त्याचा हिशेब फसला तो अज्ञानाने कमी आणि तुच्छतेने अधिक. वरच्या वर्गवारीत हा दोष तिसऱ्या खान्यात बसतो. मात्र उत्तर स्वतंत्रपणे विकलेल्या जोडकथेत ठेवल्याने, ती न खेळलेल्यांसाठी तो चौथ्या खान्यात गेला, हेही खरेच.

मग कोरिफियस फिका का वाटतो?

तुलनेसाठी त्याच खेळातील उघड खलनायक पाहू. कोरिफियस एके काळी पुरोहित होता. देवाच्या नगरीत तो सदेह पोहोचला आणि तिथले सिंहासन त्याला रिकामे आढळले. देव नाही, तर मीच होतो, हा त्याचा निष्कर्ष. हेतू म्हणून यात काहीच उणे नाही. श्रद्धाभंगातून जन्मलेला अहंकार हा मोठ्या खलनायकाचा ऐवज आहे. पण हेवन या गावावरील हल्ल्यानंतर तो जवळपास प्रत्येक डाव हरतो आणि त्याचा हेतू कृतीत कधी बदलत नाही. त्याच्या तर्कात कुठेही छिद्र नाही, तरी खेळाडू त्याच्याबद्दल फारसे बोलत नाहीत. सोलसच्या तर्कात शंकेला जागा आहे आणि लोक त्याच्यावर तासन्‌तास बोलतात. ‘व्हेलगार्ड’मधील एल्गरनान आणि गिलानेन या दोन देवांबाबतही हाच अनुभव आला. ते भयंकर आहेत, पण त्यांना काय हवे हे पहिल्या भेटीतच कळते आणि पुढे त्यात विशेष भर पडत नाही. तर्कशुद्धता ही खलनायकाची किमान पात्रता झाली. त्याच्याशी बोलताना आपण हरू शकतो असे वाटले, तरच तो लक्षात राहतो.

खेळांमध्येच असे दुवे अधिक का सुटतात?

याची कारणे माध्यमातच आहेत. पहिले कारण वेळेचे. आकाश फाटले आहे, राक्षस कोसळत आहेत आणि नायक मात्र निर्वासितांसाठी मेंढ्यांचे मांस गोळा करत डोंगरात हिंडतो आहे. ‘इन्क्विझिशन’मध्ये हे शक्य आहे, कारण खेळाडूला मोकळीक देणे हाच या प्रकाराचा प्राण. नायक तयार होईपर्यंत खलनायकाला निमूट थांबावे लागते.

दुसरे कारण निवडींचे. या मालिकेत राजा कोण होणार, कोण जगणार, कोणाशी संसार थाटायचा हे खेळाडू ठरवतो. प्रत्येक निवड पुढच्या लेखकांवर कर्ज चढवते. आधीच्या खेळांतील निर्णय नोंदवून पुढच्या खेळात नेण्यासाठी 2014 मध्ये ‘ड्रॅगन एज कीप’ ही सोय काढण्यात आली. ‘व्हेलगार्ड’ने ती वापरली नाही. ‘इन्क्विझिशन’बद्दल फक्त तीन गोष्टी विचारल्या जातात : नायकाचे प्रेम कोणावर होते, त्याची संघटना टिकली की विसर्जित झाली आणि सोलसला थोपवायचे की वळवायचे यांपैकी त्याने काय ठरवले. बाकी सारे धूसर ठेवले गेले. याचा फटका बसलेले ठळक उदाहरण म्हणजे मिथालच्या विहिरीचे पाणी. ते नायकाने प्यायचे की मॉरिगन या जादूगारणीने, हा आधीच्या खेळातील मोठा पेच होता, कारण पिणारा मिथालच्या इच्छेला बांधला जातो. नव्या खेळात मॉरिगन मिथालचा अंश घेऊन वावरते, पण ते पाणी कोण प्यायले याचा विषयच निघत नाही. काही खेळाडूंच्या कथेत तिला झालेला मुलगाही कुठे दिसत नाही. काटेकोर अर्थाने ही विसंगती नव्हे. पण ज्याने त्या निर्णयासाठी रात्री जागवल्या, त्याला ती फसवणूक वाटते.

तिसरे कारण निर्मितीचे. ‘इन्क्विझिशन’ आणि ‘व्हेलगार्ड’ यांच्यात दहा वर्षांचे अंतर आहे. मधल्या काळात पहिला आराखडा गुंडाळून ऑनलाइन बहुखेळाडू स्वरूप हाती घेतले गेले आणि पुन्हा एकट्याने खेळायच्या कथेकडे वळावे लागले. ‘ड्रेडवुल्फ’ हे जाहीर झालेले नावही जून 2024 मध्ये बदलले. इतक्या वेळा उसवून शिवलेल्या कापडावर शिवण दिसणारच.

‘व्हेलगार्ड’ने कोणती कोडी सोडवली, कोणती वाढवली?

सोलसच्या बाबतीत नव्या खेळाने बरेच काम केले. तो मुळात ज्ञानाचा आत्मा होता आणि मिथालच्या आग्रहाखातर त्याने देह घेतला, हे इथे कळते. टायटन या प्राचीन महाकाय जीवांना त्यांच्या स्वप्नांपासून तोडणारे शस्त्र त्यानेच बनवले. त्या तुटलेल्या, वेड्या झालेल्या स्वप्नांतून थेडसला पोखरणारी विषारी साथ उपजली. म्हणजे शस्त्रातून साथ, साथ आवरण्यासाठी पडदा, पडद्यातून एल्फांचा विनाश आणि तो भरून काढण्यासाठी गोळा. आधीच्या चुकीवरचा प्रत्येक उपाय नवी, अधिक मोठी चूक ठरतो. ही साखळी समोर आल्यावर गोळ्याचा निर्णय एकाकी मूर्खपणा उरत नाही.

दुसरीकडे, ‘ट्रेसपासर’च्या शेवटी ठिकठिकाणचे एल्फ नोकर गायब होऊन सोलसला सामील होत असल्याचे संकेत होते. मोठे बंड उभे राहणार अशी अपेक्षा होती. नव्या खेळात सोलस जवळपास एकटाच आहे आणि त्या अनुयायांचे काय झाले, याचा समाधानकारक खुलासा मिळत नाही. हा दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे राहून गेलेल्या स्पष्टीकरणाचा स्वच्छ नमुना. दडपलेल्या समाजाचा राग हा सोलसच्या भूमिकेचा नैतिक आधार होता. तो काढून घेतल्यावर पडदा पाडणे ही एका माणसाची वैयक्तिक खंत होऊन बसते.

व्हॅरिकचे प्रकरण याच्या उलट आहे. सर्वांचा लाडका हा बुटका कथाकार सुरुवातीलाच सोलसच्या हातून जखमी होतो आणि पुढे तळावर पडून नायक रूकशी गप्पा मारताना दिसतो. शेवटाकडे उलगडते, की तो त्याच दिवशी मेला होता आणि सोलसने रूकच्या मनाला भुरळ घातली होती. हे अशक्य आहे असे म्हणत अनेकांनी खेळ पुन्हा सुरू केला. तेव्हा लक्षात आले, की त्या प्रसंगांत दुसरे कोणीच व्हॅरिकशी बोलत नाही. भगदाड वाटलेली जागा मुद्दाम मोकळी सोडलेली होती.

लोगेनवरून राग का उसळला?

‘व्हेलगार्ड’मध्ये दडवलेल्या काही खुणा शोधणाऱ्यांना श्रेयनामावलीनंतर एक छोटे दृश्य दिसते. समुद्रापलीकडची एक गूढ शक्ती आजवरच्या घटनांना पडद्याआडून दिशा देत होती, असे त्यात सूचित होते. त्या चित्रांत लोगेनही आहे. त्याने जुने चाहते दुखावले.

लोगेन हा 2009च्या पहिल्या खेळातील सेनापती. ऑस्टॅगारच्या लढाईत तो ऐन वेळी सैन्य मागे घेतो आणि राजा केलन मारला जातो. पहिल्यांदा खेळताना हा सरळ विश्वासघात वाटतो. मग हळूहळू त्याची बाजू दिसू लागते. शेजारच्या ऑर्ले साम्राज्याच्या ताब्यातून देश सोडवण्यासाठी तो तरुणपणी लढला होता. तोच शेजारी मदतीच्या नावाखाली पुन्हा घरात शिरेल, ही भीती त्याच्या हाडीमांसी भिनलेली आहे आणि राजा त्याच ऑर्लेशी जवळीक साधत होता. लढाई हरलीच होती, असेही त्याचे म्हणणे. शेवटी तो खेळाडूच्या हाती सापडतो. त्याला ठार करायचे की आपल्या बाजूला घ्यायचे? वाचवले, तर अॅलिस्टर हा जिवाभावाचा सोबती संतापून साथ सोडतो.

या निवडीला वजन आहे ते लोगेनचा निर्णय त्याचा स्वतःचा होता म्हणूनच. कोणी तरी कानात कुजबुजले म्हणून तो तसा वागला असेल, तर खेळाडूने न्याय नेमका कोणाचा केला? कोणालाही बळजबरीने नाचवल्याचे दृश्यात म्हटलेले नाही, हे खरे. तरीही तक्रार रास्त आहे. इथे एकही नियम मोडलेला नाही, एकही घटना अशक्य झालेली नाही. तरी कोरिफियसच्या गोळ्यापेक्षा ही जखम खोल गेली, कारण घाव हेतूवर बसला.

या वादाला एवढे महत्त्व का?

एक कारण व्यवहाराचे. अशा कथा लिहिणाऱ्यांची नोकरी कथेच्या कौतुकावर नव्हे, तर विक्रीच्या आकड्यांवर टिकते. जानेवारी 2025 मध्ये मालक कंपनी ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’ने जाहीर केले, की त्या तिमाहीत ‘व्हेलगार्ड’ सुमारे 15 लाख जणांपर्यंत पोहोचला आणि हा आकडा अपेक्षेपेक्षा जवळपास निम्मा आहे. त्यानंतर स्टुडिओतील मनुष्यबळ मोठ्या प्रमाणात घटले. सोलसचे लेखन करणारे ट्रिक वीक्सही बाहेर पडलेल्यांत होते. व्हॅरिक घडवणाऱ्या मेरी कर्बी यांची नोकरी तर खेळ बाजारात येण्याआधीच, 2023च्या कपातीत गेली होती. एखाद्या पात्राचा मागचा-पुढचा धागा ज्यांच्या डोक्यात असतो, तेच निघून गेले तर पुढच्या भागात कच्चे दुवे वाढतील, हे सांगायला भविष्यवेत्ता नको.

दुसरे कारण खेळण्याच्या अनुभवातच आहे. वाचक किंवा प्रेक्षक खलनायकाचा हेतू समजून घेतो आणि पुढे जातो. इथे खेळाडूला त्या हेतूला उत्तर द्यावे लागते. ‘व्हेलगार्ड’च्या शेवटी सोलसशी लढता येते, त्याला फसवता येते किंवा त्याचे मन वळवता येते. लढणे आणि फसवणे तुलनेने सोपे. मन वळवायचे, तर आधी त्याच्या जुन्या आठवणी धुंडाळाव्या लागतात, त्याला कशाची खंत आहे हे ओळखावे लागते आणि मिथालच्या ऋणातून त्याला मोकळे करण्याची तजवीज करावी लागते. गंमत म्हणजे, तिन्ही वाटांनी जगाचे होते तेच. पडदा टिकतो आणि सोलस त्याला बांधला जातो. फरक एवढाच, की एका वाटेने तो ते आपणहून स्वीकारतो.

दहा वर्षांच्या या कथेत खेळाडूच्या हाती अखेर उरते ते इतकेच : घटना नव्हे, हेतू बदलणे. म्हणूनच कथेतील एखादी तारीख चुकली किंवा एखादी विहीर विसरली गेली, तर खेळाडू कुरकुर करून पुढे जातात. खलनायक तसा का वागला याचे उत्तर मात्र त्यांना चोख लागते.